मरोळच्या दुसऱ्या मजल्यावरचा विमानतळ

आमचे सर कुकरच्या शिटीला घाबरायचे. माणसं सापाला घाबरतात, सासूला घाबरतात, इन्कम टॅक्सला घाबरतात. सर या सगळ्यांनाच घाबरायचे, पण कुकरची शिटी झाली की त्यांचा चेहरा असा पडायचा, जणू पोलिसांची गाडी खाली येऊन उभी राहिलीय आणि आता आम्हा सगळ्यांना भरून नेणार.

त्याला कारण होतं. अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याची खोकी बनायची आणि वर आम्ही एका विमानतळाचे फोन घ्यायचो. आपला सहारचा विमानतळ नव्हे. तो आमच्या इतका जवळ होता की विमानाची चाकं डोक्याला लागतील असं वाटायचं, पण त्याचं आमचं काही देणंघेणं नव्हतं. आमचा विमानतळ पार जगाच्या दुसऱ्या बाजूला, कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर. एकच धावपट्टी, तिचं एक टोक डोंगराच्या पायथ्याशी आणि दुसरं थेट समुद्रात. पत्र्याच्या छपराची एक बसकी इमारत, समोर काचेचं दार, बाहेर टॅक्सीवाल्यांचं बाकडं. नाव मात्र आंतरराष्ट्रीय, कारण शेजारचं बेटसुद्धा परदेशच. दहिसरहून भाईंदरला जावं तशी माणसं पासपोर्ट घेऊन शेजारच्या देशात मावशीकडे जायची.

तिथल्या कुणा कंत्राटदाराने फोनचं काम आमच्या कंपनीला दिलेलं. अट एकच. फोन भारतात उचलला जातो हे कुणालाही कळता कामा नये. म्हणून आम्ही 'गुड मॉर्निंग' म्हणायचो तेव्हा बाहेर तिन्हीसांज झालेली असायची, आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या वैनी डाळ-भाताचा कुकर लावायच्या.

बेटावरच्या विमानतळावर कुकर कुठला असणार?

सरांनी खिडक्या कायमच्या बंद करून टाकल्या होत्या. फटींना चिकटपट्टी, त्यावर गादीतला फोम, खाली स्वतःचा जुना पंचा. फ्लोअरवर मराठी बोलायचं नाही, चपला काढून यायचं, पापड खायचा नाही. मी नवी होते तेव्हा पायात पैंजण होते. सरांनी मला बाजूला बोलावलं आणि कानात सांगावं तसं म्हणाले, "एवढे काढून ठेवशील का गं? गैरसमज नको. तिकडे ऐकू जातं."

"सर, तिकडे पैंजण घालत नसतील कशावरून?"

"कशावरून ते आपल्याला माहीत नाही ना. म्हणूनच म्हणतो."

कुकरचा बंदोबस्त मात्र फोमने होईना. शेवटी सर स्वतः समोरच्या बिल्डिंगमध्ये जाऊन आले. वैनी मालवणकडच्या, सरही मूळचे तिकडचेच, त्यामुळे बोलणं जमलं. ठरलं असं, की फोन नाजूक असला की सर काचेवर आतून किल्लीने टकटक करणार आणि वैनी गॅस बंद करणार. वैनींनी हे वर्षानुवर्षं पाळलं. त्यांच्या घरातली डाळ अर्धीकच्ची राहत असेल, पण आमची अब्रू त्यांनी सांभाळली. विमानांचा आवाज तेवढा सरांना चालायचा. एखादं मोठं धूड डोक्यावरून गडगडत गेलं की ते समाधानाने मान हलवायचे. एकदा एका गृहस्थाने फोनवर विचारलं, "अरे, हे एवढं मोठं विमान आपल्याकडे कुठलं आलं?" तेव्हा मात्र सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या संध्याकाळी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. सरांचा ब्रह्मराक्षस फार जुना होता. त्यांचे वडील गिरणीत. लहानपणी एका सकाळी वडील नेहमीसारखे डबा घेऊन गेले आणि भरलेला डबा घेऊन परत आले. गेट बंद होतं. का, कसं, किती दिवस, काही नाही, नुसतं कुलूप. सर हे कधी गोष्ट म्हणून सांगायचे नाहीत. पण ऑफिसला येताना जिना चढून वर आले की आधी दाराकडे बघायचे. दार उघडं दिसलं की मग रुमालाने कपाळ पुसायचे. एवढ्या वर्षांत हे एकदाही चुकलं नाही. आमची चाळीस टाळकी त्या एका खोटेपणावर जगतायत आणि तो ज्या दिवशी फुटेल त्या दिवशी गेटला कुलूप, हे त्यांच्या मनाने पक्कं धरलेलं. आम्ही पोरं हसायचो. नंतर नंतर कुकरची शिटी झाली की आम्हीही माइक मुठीत झाकायला लागलो. भीती सर्दीसारखी असते, शेजारी बसलं की लागते.

पण त्याच खोटेपणात सर असे काही रंगायचे की बघत राहावं. त्यांची पहिली शिकवण: "माहीत नाही म्हणायचं नाही. माहीत नाही म्हटलं की माणूस विचारतो, का रे बाबा, तू तिथे नाहीस का? मी इथेच आहे, म्हणायचं. आणि मग इथे असल्यासारखं वागायचं." विमानतळावर एक कॅमेरा होता, त्याचं चित्र इथे आमच्या स्क्रीनवर यायचं. त्यात धावपट्टीचा तुकडा, वाऱ्याची दिशा दाखवणारा फुगीर कापडी मोजा आणि एक चिंचेचं झाड दिसायचं. सर दिवसभर ते बघत बसायचे. धावपट्टीवर बकऱ्या आल्या की आमच्या आधी त्यांना कळायचं. तिथे पाऊस लागला की सर इथे स्वतःच्या बाह्या खाली करायचे. कुणी विचारलं, आज हवा कशी आहे, तर कॅमेऱ्याकडे न बघता सांगायचे. मरोळच्या उकाड्यात घाम निथळतोय आणि हा माणूस सांगतोय, "छान गार वारा आहे, मॅडम."

त्यांची दुसरी शिकवण: "श्वास खोटं बोलत नाही." कुणी म्हणालं, माझी काही वस्तू राहिलीय, जरा बघता का, तर आम्ही सरळ तिथल्या गार्डला मेसेज टाकायचो आणि फोन होल्डवर ठेवायचो. सर तसं करायचे नाहीत. गार्डला मेसेज टाकून ते खरोखर उठायचे, अनवाणी जिना उतरायचे, खोक्यांच्या कारखान्यापर्यंत जाऊन परत चढायचे आणि धापा टाकत म्हणायचे, "हो, आहे मॅडम. हिरवीच ना?"

ही हिरवी छत्री एका म्हातारीची होती.

बेटावर समुद्राच्या अगदी काठाला तिचं घर. एकटी. मुलगी दूर कुठेतरी मोठ्या देशात. तिचं कुणी विमानाने येत नव्हतं, तरी ती विमानांची चौकशी करायला फोन करायची. मुलीला पोचवायला विमानतळावर गेली तेव्हा छत्री विसरली आणि सरांनी 'शोधली', तेव्हापासून ती दुसऱ्या कुणाशी बोलायलाच तयार नसायची. सरांचं फोनवरचं एक इंग्रजी नाव होतं, ते घेऊन विचारायची, "तो आहे का? त्याला दे." बोलणं सगळं इंग्रजीत, तिच्या बेटाच्या लांबट हेलाचं. पण मला ते आता मराठीतच आठवतं, कारण ती सरांशी बोलायची ती आपल्याकडची एखादी आजी बोलेल तशीच.

"जेवलास का रे?"

"हो मॅडम. तुम्ही?"

"तुझा आवाज बसलाय. त्या पंख्याखाली बसू नकोस."

एकदा ती पुन्हा विमानतळावर गेली. सरांना भेटायला. गार्डलाही तोंड बंद ठेवायचा हुकूम होता, त्यामुळे त्याने सांगितलं, तो आत आहे, ड्यूटीवर आहे, बाहेर येता येणार नाही. मग इकडे सरांना मेसेज केला: 'तुझी म्हातारी आली होती. तुझ्यासाठी आंबे ठेवून गेलीय. मी खातोय.'

सर तो मेसेज वाचून पांढरेफटक पडले. मालवणी माणूस, आपल्या नावाचे आंबे दुसरा खातोय, याचं दुःख एका बाजूला आणि उद्या ती विचारेल याची धास्ती दुसऱ्या बाजूला. गार्डला विचारून विचारून त्यांनी सगळी माहिती काढली, रंग कसा, बाठा केवढा, रेषा होत्या का. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा सर असे बोलले की मलाच त्या आंब्यांचा वास आला. ती खूश झाली. फोन ठेवल्यावर सर बराच वेळ हातातली किल्ली फिरवत बसले.

"एक दिवस ती आतच येईल गं," ते म्हणाले. "दार ढकलून सरळ आत येईल. मग?"

"मग काय, सर! आत कुणी दिसणार नाही. परत जाईल."

"तेच तर," सर म्हणाले.

मला तेव्हा त्यांचं म्हणणं कळलं नव्हतं.

वादळाची बातमी आली ती सप्टेंबरात. तिकडे त्या महिन्यांत वादळं होतातच, आम्हाला सवय होती. विमानं रद्द झाली की फोन वाढायचे, एवढंच. या वेळी मात्र गार्डचेच मेसेज वेगळे यायला लागले. वादळ बेटावरूनच जाणार होतं. आदल्या दिवशी शेवटची विमानं निघून गेली. कॅमेरा काढून ठेवला. चिंचेचं झाड दिसायचं त्या जागी स्क्रीनवर नुसता करडा चौकोन उरला, आणि सर पहिल्यांदाच आंधळे झाल्यासारखे त्या चौकोनासमोर बसून राहिले. आम्हाला हुकूम आला: लाइन चालू ठेवा, विमानतळ बंद आहे एवढंच सांगा. समुद्र आत येईल म्हणून विमानतळावरचा एकूण एक माणूस वर डोंगरावर निघून गेला होता.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. मी शेजारीच होते.

"सगळे पळाले म्हणतात रे. तूपण जाणार?"

सरांनी वर्षानुवर्षं जे म्हटलं तेच म्हटलं. विचारसुद्धा केला नाही, जीभ आपोआप वळली. "नाही मॅडम. मी इथेच आहे. मी कुठे जातोय?"

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसात आलो तेव्हा तिकडे पहाट होत होती. फोन जवळजवळ नव्हतेच. बेटावरचे लोक दारं-खिडक्या ठोकून बसले होते. बातम्यांत तो पांढरा भोवरा बेटाच्या दिशेने सरकताना दिसत होता, आणि आम्ही आपापल्या जागी बसून ते बघत होतो. डोळ्यांनी कधी न पाहिलेल्या जागेसाठी एवढं भ्यायला होतं, हे मला माहीत नव्हतं.

मग लाइन वाजली. सरांनी घेतली. मला जवळ बसायची खूण केली आणि लॅपटॉपचा स्पीकर चालू केला.

वाऱ्याचा आवाज. त्यात तिचा.

"दार उघड रे. मी आलेय."

सर उभे राहिले. "कुठे आलाय, मॅडम?"

"कुठे म्हणजे? तुझ्या दारात. घराचं छप्पर टिकायचं नाही. शेजारी वरच्या शाळेत चला म्हणत होते. मी म्हटलं, माझं माणूस विमानतळावर आहे, ते कुठे जात नाही. टॅक्सीवाल्याने सोडलं आणि पळाला मेला. उघड."

सरांनी डोळे मिटले.

"मॅडम, इथे कुणी नाही. विमानतळ बंद आहे. तुम्ही शाळेत जा. आत्ता, लगेच."

"कुणी नाही कसं? तू बोलतोयस ना? आत दिवा दिसतोय मला."

कुणीतरी जाताना आतला एक दिवा चालू ठेवला होता. आणि मग आम्हाला धडधड ऐकू आली. ती काच वाजवत होती. फोनमधून, एवढ्या समुद्रांपलीकडून, म्हातारीच्या मुठी काचेवर पडत होत्या आणि मरोळमध्ये आमच्या टेबलावर त्यांचा आवाज येत होता. मी दुसऱ्या फोनवरून तिथल्या पोलिसांचा नंबर लावला. लागेना. गार्डचा लावला. बंद. परत पोलिसांचा.

"साहेबाला घाबरतोस का?" ती म्हणत होती. "मी सांगेन त्याला. म्हाताऱ्या बाईला आत घेतलं म्हणून कुणी नोकरीवरून काढत नाही."

"मॅडम, मी तिथे नाही."

फ्लोअरवर सगळ्या माना वळल्या. ज्या वाक्यासाठी माणसाला त्या दिवशीच घरी पाठवायचे, ते वाक्य सर बोलत होते. आणि प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं.

"मी इंडियात आहे. मुंबईत. मी कधीच तिथे नव्हतो. सगळे फोन इथे येतात."

वारा नुसता घोंघावत होता. मग ती हसली. थकलेलं, भ्यालेलं हसू.

"आज थट्टा करायचा दिवस आहे का रे? माझी छत्री शोधायला गेलास तेव्हा धापा टाकत आलास. मी ऐकलंय. उघड पोरा, मला भीती वाटते."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या माणसाला इतकी वर्षं भिताना पाहिलं होतं. कुकरला, दाराला, पैंजणाला. ती सगळी भीती आणि आत्ताची भीती यांत काय फरक होता, ते त्या एका नजरेत मला दिसलं. आपल्याच हाताने ते खोटं इतकं पक्कं उभं केलेलं, की आता पाडायचं म्हटलं तरी पडत नव्हतं. आणि म्हातारी रिकाम्या इमारतीच्या दारात त्याच्या भरवशावर उभी होती.

त्यांनी लॅपटॉपच उचलला. चार्जरची वायर ओढून काढली आणि खिडकीकडे धावले. पंचा फेकला. फोम ओरबाडला. चिकटपट्टी निघेना तेव्हा किल्लीने फाडली. खिडकी अनेक वर्षांत उघडली नव्हती; आम्ही दोघांनी मिळून खांद्याने रेटली तेव्हा कुठे करकरत निघाली. आणि सगळी अंधेरी आत आली. रिक्षांचे हॉर्न, खाली खोकी चढवणाऱ्यांच्या शिव्या, बसवाल्याची आणि टेम्पोवाल्याची बाचाबाची. सरांनी लॅपटॉप गजांना टेकवून धरला. मी खालून धरला.

"ऐका मॅडम! ऐका!"

नेमकी त्याच क्षणी समोर कुकरची शिटी झाली. खिडकी उघडलेली बघून वैनी दचकून गॅलरीत आल्या. त्यांना वाटलं, काहीतरी चुकलं आपलं.

"अगो बाय, काय झाला ओ? बंद करतंय हां!"

"नको!" सर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच ओरडले असतील. "नको वैनी! वाजांदे! वाजांदे तेका!"

वैनी गॅलरीत तशाच उभ्या राहिल्या. कुकर पुन्हा वाजला. आणि पुन्हा.

लॅपटॉपमधून तिचा आवाज आला. आता वेगळा, सावध.

"ती शिटी कसली?"

"कुकर आहे, मॅडम. जेवण शिजवायचं भांडं. समोरची बाई रात्रीचं जेवण करतेय."

"रात्रीचं?"

"इथे संध्याकाळ झालीय. दिवे लागलेत."

"इथे तर सकाळ आहे," ती म्हणाली. तिकडे वारा, आणि इकडे हॉर्न. "ती बाई कुठली भाषा बोलली?"

"माझी."

काचेवरची धडधड थांबली होती.

"म्हणजे आत कुणी नाही."

"कुणी नाही, मॅडम. दिवा राहिलाय नुसता. समुद्र आत येणार आहे. शाळेत जा. तुमच्या पायांनी वेळेत पोचाल. पण आत्ता निघा."

"माझे आंबे कुणी खाल्ले?"

"गार्डने," ते कसंबसं म्हणाले.

तिने एक शिवी दिली. कुणाला, ते कळलं नाही. मग पावलं ऐकू यायला लागली. तिने फोन ठेवला नव्हता. हातातच धरला असावा. चढ लागला तसा तिचा श्वास वाढला. सर खिडकीत तसेच उभे राहून तो श्वास ऐकत होते, आणि ओठांतल्या ओठांत 'हां, हां' म्हणत होते, चढणाऱ्या माणसाला मागून हात लावावा तसं. मग वारा एकदम मोठा झाला, काहीतरी कडाड मोडलं आणि लाइन गेली.

पुन्हा लावली. पुन्हा लावली. बेटाचा एकही नंबर लागत नव्हता.

नंतर बातम्यांत विमानतळ दिसला. म्हणजे जागा दिसली. छप्पर उडालं होतं, काचेचं दार नव्हतंच, धावपट्टीवर बोटी पडल्या होत्या. शाळा दिसली नाही. सर रोज येत होते, जिना चढून दाराकडे बघत होते आणि दिवसभर तोच एक नंबर लावत होते. खिडकी कुणी बंद केली नाही. वैनी रोज गॅलरीतून खुणेने विचारायच्या, सर मानेनेच नाही म्हणायचे.

एक दिवस कंपनीच्या मोठ्या साहेबांनी त्यांना आत बोलावलं. रेकॉर्डिंग ऐकलं गेलं होतं. बाहेर आले तेव्हा मला वाटलं होतं, कोसळलेले असतील. पण ते पंचा घडी करत म्हणाले, "लागलं गं कुलूप." एवढंच. आणि डबा घेऊन निघाले. डबा भरलेलाच होता. मी जिन्यात बसून रडले. मला राग आला होता, त्यांचा, कंपनीचा, त्या म्हातारीचा, कुणाचाही.

बरेच आठवडे गेले. आमची नोकरी राहिली, कारण सरांनी आत लिहून दिलं होतं की चूक त्यांची एकट्याची. विमानतळ तंबूत सुरू झाला, फोन यायला लागले. आणि एका संध्याकाळी मी लाइन घेतली तर लांबट हेलाचा आवाज.

"त्या खिडकीवाल्याला दे."

माझ्या हातून पेन पडलं. "ते इथे नाहीत, मॅडम."

"इथे नाही हे मला माहितीये गं बाई. तुमच्या तिथे आहे का, ते विचारतेय."

मी रडत रडत हसले बहुतेक. तिने सरांचं विचारलं, मी सांगितलं. ती शाळेत पोचली होती. घर गेलं होतं, छत्री गेली होती, मुलगी येऊन घेऊन जाणार होती. शेवटी म्हणाली, "त्याला सांग, मी रागावलेय. माझ्या छत्रीसाठी चालला नव्हता, तर चाललो असं दाखवायला नको होतं." मग म्हणाली, "पण चालला मात्र होता, नाही का? कुठेतरी."

"हो, मॅडम. जिना उतरून खाली, आणि परत वर."

"हं," ती म्हणाली. मग तिने आणखी एक गोष्ट विचारली.

सुट्टीच्या दिवशी मी कांजूरमार्गला सरांच्या घरी गेले. सरांच्या बायकोने दार उघडलं. सर आत जमिनीवर बसून शेंगा सोलत होते. मला बघून आधी घाबरले, काही वाईट झालंय का म्हणून. मी पटकन सांगून टाकलं, "जिवंत आहे, सर. तिनेच फोन केला."

त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. त्यांची बायको आत पाणी आणायला गेली आणि तिथेच थांबली. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "रागावली आहे ना? बरोबर आहे. रागावू दे." मग नेहमीच्या घाबऱ्या आवाजात, "आणखी काही विचारलं का?"

"विचारलं. त्या दिवशी त्या कुकरमध्ये काय शिजत होतं, म्हणाली."

सर ताठ बसले. डोळ्यांत तीच जुनी धास्ती.

"मग तू काय सांगितलंस? माहीत नसताना ठोकून नाही ना दिलंस काही?"

"नाही, सर. म्हटलं, मला माहीत नाही. विचारून सांगते."

त्यांनी सुस्कारा सोडला. उठले, खुंटीवरचा शर्ट घातला, कॉलरपर्यंत बटणं लावली, आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागले.

"चल," ते म्हणाले. "वैनींना विचारून येऊ."